पहिल्या पिढीचे स्मार्टफोन : काय होतं, काय नव्हतं आणि काय असूनही वापरवत नव्हतं

अडगळवाला

खणातली चार्जरांची गुंतवळ सोडवताना एक जुना फोन हाती लागला. एस६० वाला, म्हणजे नोकियाच्या बटणवाल्या स्मार्टफोनांच्या प्रणालीवर चालणारा, वरचा भाग सरकवला की खालून आकड्यांची बटणं बाहेर येणारा. बॅटरी पार मेलेली, त्यामुळे चालू होतो की नाही ते अजून कळलेलं नाही. पण हातात घेऊन दोनदा सरकवून पाहिला आणि एक जुना वाद डोक्यात परत सुरू झाला.

२००७ साली तीन-साडेतीन महिन्यांच्या अंतराने दोन फोन बाजारात आले. मार्चमध्ये नोकिया एन९५ आणि २९ जूनला पहिला आयफोन.

एन९५ मध्ये काय होतं? ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, फ्लॅश, सेकंदाला ३० चौकटींचं व्हिडिओ चित्रण, थ्रीजी, वायफाय, जीपीएस, एफएम रेडिओ, मेमरी कार्ड, टीव्हीला जोडायची सोय, व्हिडिओ कॉलसाठी पुढे वेगळा कॅमेरा, ब्लूटूथवरून वाट्टेल ती फाइल पाठवता येणं, एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालणं, आणि हो, नखाने उघडून बदलता येणारी बॅटरी.

आणि आयफोनमध्ये? २ मेगापिक्सेल, फ्लॅश नाही, व्हिडिओ नाही. थ्रीजी नाही. एमएमएस नाही. मेमरी कार्ड नाही. ब्लूटूथवरून साधा फोटो पाठवायची सोय नाही. बाहेरचं एकही अ‍ॅप टाकता येत नव्हतं. कॉपी-पेस्ट नव्हतं! ते यायला जून २००९ उजाडला. संगणकाला जोडून आयट्यून्स या प्रोग्रॅममधून चालू केल्याशिवाय तर तो फोन म्हणूनही उपयोगाचा नव्हता.

कागदावर ही लढत एकतर्फी होती. मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो की हे खेळणं वर्षभरात विसरलं जाईल. पुढे काय झालं ते आपण सगळेच खिशात घेऊन फिरतोय.

इतक्या वर्षांनी वाटतं की यादी खरी होती, पण ‘आहे’ आणि ‘वापरता येतं’ यांत मी फरक केला नव्हता. एन९५ च्या सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे फोनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, जीपीएसला नेटवर्कची मदत नव्हती. मोकळ्या आकाशाखाली फोन हातात धरून उपग्रह सापडायची वाट बघत उभं राहायचं. आहे का? आहे. वापरलं किती वेळा? चार.

तुम्ही वापरलेल्या जुन्या फोनांबद्दल, त्यांच्या प्रणालींबद्दल लिहा. कौतुकही चालेल, शिव्याही चालतील. आणि एक मदत हवी आहे: या फोनमध्ये जुने मेसेज असावेत. बाहेर कसे काढायचे?

टाचणी

धागा आवडला, पण गोष्ट २००७ पासून सुरू करणं म्हणजे रामायण थेट लंकेपासून वाचणं.

आयबीएमचा सायमन १९९४ साली विक्रीला आला होता. टचस्क्रीन, पत्ते, कॅलेंडर, ईमेल, फॅक्ससुद्धा. वजन सुमारे अर्धा किलो आणि बॅटरी बोलण्यासाठी साधारण तासभर. १९९६ चा नोकिया ९००० कम्युनिकेटर ३९७ ग्रॅमचा, वहीसारखा उघडायचा, आत इंटेलचा ३८६ जातीचा प्रोसेसर. म्हणजे लोकांच्या टेबलावरच्या संगणकात काही वर्षांपूर्वी जे होतं तेच.

गंमत अशी की कल्पना सुरुवातीपासून पूर्ण होती. बॅटरी, पडदा आणि नेटवर्क हे तिन्ही मागे होते. फॅक्स पाठवता येणारा फोन खिशात मावत नाही आणि तासाभरात झोपतो, तर तो फोन कसला?

२००० सालचा एरिक्सन आर३८० ‘स्मार्टफोन’ या नावाने विकला गेला. सिम्बियनवर, म्हणजे पुढे नोकियाच्या एस६० फोनांत असलेल्याच प्रणालीवर, चालायचा आणि त्यात बाहेरचा एकही प्रोग्रॅम टाकता यायचा नाही. त्यामुळे आयफोनने अ‍ॅप बंदी घातली म्हणून तेव्हा जो गदारोळ झाला, त्यात नवीन काहीच नव्हतं.

पेनधारी

पामचं, म्हणजे त्या खिशातल्या डायरीच्या यंत्रांचं, नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते.

पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स पाम पायलट हे यंत्र बनवायच्या आधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून फिरत असत. कुणी भेटायची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर काडीने टिचक्या मारायचे, म्हणजे किती टिचक्यांत काम व्हायला हवं हे कळायचं. सगळी पाम प्रणाली त्या ठोकळ्यातून आली असं म्हटलं तरी चालेल. वही उघड, नाव शोध, झालं. वाट बघायचं चक्र कुठे दिसायचंच नाही.

आणि ग्रॅफिटी, पामची पडद्यावर लिहायची पद्धत! यंत्राला माणसाचं अक्षर ओळखता येत नव्हतं, तर माणसालाच थोडं अक्षर बदलायला लावलं. पेन न उचलता प्रत्येक अक्षर एका फटक्यात. रोमन ‘ए’ची आडवी रेघ गाळायची, बास. दोन दिवसांत हात बसायचा. पुढे पेटंटच्या वादात ते सोडावं लागलं आणि २००३ मध्ये ग्रॅफिटी २ आलं, त्यात काही अक्षरांना दोन फटके लागायला लागले. माझा हात कायमचा बिघडला तो तेव्हापासून.

तोटे? एका वेळी एकच काम. डायरीत असताना मागे गाणं डाउनलोड होतंय, असला प्रकार नाही. जोवर ते फक्त डायरीचं यंत्र होतं तोवर हे चाललं. २००३ च्या ट्रिओ ६०० या फोनपर्यंत त्याला फोन, मेल, ब्राउझर सगळं चिकटवलं, आणि मग पाया लहान पडला. घर एका मजल्याचं, त्यावर चार मजले.

मंदगती

+१. माझा ‘टी’ अजूनही सहीत ग्रॅफिटीचाच येतो. बँकेत एकदा विचारलं होतं.

दोनअंगठे

ब्लॅकबेरीवाले इथे कुणी नाहीत का? मग मीच लिहितो.

२००२ चा ब्लॅकबेरी ५८१० हा फोन होता, पण त्याला कानाला लावायचा स्पीकरही नव्हता आणि माइकही नव्हता. हेडसेट जोडल्याशिवाय बोलता यायचं नाही! मुळात तो मेलचा पेजर, त्याला फोन नंतर जोडला. पण मेल मात्र काय यायचा. इतर फोन दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्व्हरचं दार वाजवून ‘काही आलंय का’ विचारायचे. ब्लॅकबेरीत मेल आला की कंपनीचा सर्व्हर स्वतःच तो फोनकडे ढकलायचा, तोही आटवून. त्यामुळे बॅटरीही टिकायची आणि संथ नेटवर्कवरही काम व्हायचं. कीबोर्ड तर असा की टेबलाखाली हात ठेवून न बघता उत्तर लिहावं. लाल दिवा लुकलुकला की जीव खालीवर.

आता दुसरी बाजू. सगळं एकाच कंपनीच्या सर्व्हरमधून जातंय म्हणजे ते बसले की सगळे बसले. ऑक्टोबर २०११ मध्ये तसंच झालं, तीन-चार दिवस अनेक देशांत मेल आणि बीबीएम (ब्लॅकबेरीचे आपसातले मेसेज) ठप्प. शिवाय प्रणाली जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर उभी. एखादं अ‍ॅप काढलं तरी ‘रिस्टार्ट करा’, आणि ते रिस्टार्ट म्हणजे निवांत आंघोळ करून या. फोन अडकला की बॅटरी काढून परत घालायची, हा तर घरगुती उपाय होता. मेमरी भरत आली की जुने मेसेज आणि कॉलची नोंद आपोआप गायब.

२००८ चा स्टॉर्म हा मात्र स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. टचस्क्रीन हवी आणि बटण दाबल्याचा भासही हवा, म्हणून पूर्ण पडदाच एक बटण केला. प्रत्येक अक्षराला अख्खा पडदा आत दाबायचा. वर वायफाय नाही. कीबोर्डने मोठं झालेल्या कंपनीने कीबोर्ड काढून काय दिलं, तर हे.

संकलक

मी सिम्बियनवर काही वर्षं प्रोग्रॅम लिहिले आहेत, त्यामुळे धाग्यातली दुसरी बाजू, म्हणजे आतली.

सिम्बियनचं मूळ सायन या कंपनीच्या ईपॉक या प्रणालीत. १९९८ मध्ये सायन, नोकिया, एरिक्सन, मोटोरोला यांनी मिळून कंपनी काढली. या प्रणालीचा जन्मच टंचाईतला. २००२ च्या नोकिया ७६५० मध्ये वापरणाऱ्याला मिळणारी जागा जेमतेम ४ एमबी, आणि कार्ड टाकायची सोय नाही. असा फोन महिनोन्‌महिने बंद न करता चालला पाहिजे, म्हणजे मेमरीचा एक कणही सांडता कामा नये.

मग त्यांनी सी++ मध्ये स्वतःची शिस्त घातली. प्रोग्रॅममध्ये साधा मजकुराचा तुकडा वापरायचा तर डिस्क्रिप्टर नावाचा खास प्रकार, त्याच्या पाच-सहा जाती. चूक झाली की ‘लीव्ह’, म्हणजे काम सोडून मागे फिरायचं, आणि त्याआधी मेमरीतली प्रत्येक वस्तू क्लीनअप स्टॅकवर, म्हणजे आवरायच्या यादीत, टाकून ठेवायची. विसरलात की मेमरीची गळती. नव्या माणसाला ‘हॅलो वर्ल्ड’ पडद्यावर आणायला आठवडा लागायचा, हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाहीये. थोडक्या बॅटरीत, थोडक्या मेमरीत खरं मल्टिटास्किंग चालायचं ते याच शिस्तीमुळे. आणि लोक तिथे अ‍ॅप लिहायला कंटाळले तेही याच शिस्तीमुळे. मेमरी स्वस्त झाली, शिस्त तशीच राहिली. माझ्या मते सिम्बियनचा आजार हाच. बाकी सगळी लक्षणं.

वर पडद्याचा भाग प्रत्येकाचा वेगळा. एस६०, यूआयक्यू, एस८०. एकावर लिहिलेलं दुसऱ्यावर चालत नाही. एस६० च्या तिसऱ्या आवृत्तीत आतला ढाचाच बदलला, तेव्हा आधीच्या आवृत्तीचे प्रोग्रॅमही चालेनासे झाले.

आणि सह्या! २००४ मध्ये कबीर नावाचा किडा ब्लूटूथवरून फोनाफोनांत पसरला, त्यानंतर सुरक्षेचा धसका बसला. तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रोग्रॅमला सही केलेलं प्रमाणपत्र लागायला लागलं. हेतू चांगला. पण प्रमाणपत्राला मुदत असायची, आणि मुदत संपली की जुना, चांगला प्रोग्रॅम फोन आत घ्यायचाच नाही.

अडगळवाला

@संकलक, अहो ‘प्रमाणपत्राची मुदत संपली’ हा मेसेज तर पाठ होता! त्यावर उपाय सगळ्यांना ठाऊक होता: फोनची तारीख वर्ष-दोन वर्षं मागे घ्यायची, प्रोग्रॅम टाकायचा, तारीख परत पुढे आणायची. एवढी मोठी सुरक्षा आणि तिला फसवायला एक कॅलेंडर पुरायचं.

संकलक

:-) आम्हीसुद्धा तेच करायचो. कृपया पसरवू नका.

खिडकीबाहेर

विंडोज मोबाइलवर दोन ओळी. संगणकाचा डेस्कटॉप चिमटीत पकडून खिशात घातला की काय होतं ते बघायचं असेल तर ही प्रणाली बघावी. कोपऱ्यात स्टार्ट मेनू, काडीशिवाय न टोचता येणाऱ्या याद्या, आणि तो प्रसिद्ध फुलीचा खटका, जो दाबला की प्रोग्रॅम बंद व्हायचा नाही, नुसता लपायचा. संध्याकाळपर्यंत दहा प्रोग्रॅम लपून बसलेले आणि फोन गुडघे टेकलेला. फोन बनवणाऱ्या एचटीसीने २००७ पासून वर टचफ्लो या आपल्या पडद्याचं सुंदर पांघरूण घातलं. पण दोन टिचक्या आत गेलात की खाली तीच जुनी गादीची खोळ.

त्याहून वाईट म्हणजे २००५ च्या ५.० आवृत्तीआधी तुमचा सगळा मजकूर रॅममध्ये असायचा. बॅटरी पूर्ण उतरली की फोन कोरा.

तरी एक कौतुक: उघडेपणा. फाइली दिसायच्या, आतल्या सेटिंगांची रजिस्ट्री बदलता यायची, अख्खी रॉम, म्हणजे फोनची पूर्ण प्रणाली, लोक स्वतः शिजवून टाकायचे. मोडायचं स्वातंत्र्य होतं, आणि आम्ही ते भरपूर वापरलं.

चाळता_चाळता

रॅमवरून आठवलं. माझ्या एका यंत्राने (कंपनी कुठली ते जाऊ दे) प्रवासात चार्जर विसरले म्हणून दोनशे नंबर गिळले. त्यानंतर कित्येक वर्षं मी नंबर कागदी वहीतही लिहायचे. लोक हसायचे.

टाचणी

मूळ वादाकडे वळू या का? अडगळवाला म्हणतात, आयफोन वापरायला सोपा म्हणून जिंकला. मला हे अर्धवट वाटतं. एन९५ चा ब्राउझर वेबकिट या पानं दाखवणाऱ्या इंजिनावर होता. आयफोनचा सफारीही वेबकिटवरच. म्हणजे आतलं इंजिन एकाच घराण्यातलं! मग फरक कशात पडला?

एका ठिकाणी पानावर छोटा बाण, तो चौदिशा बटणाने एकेक पाऊल ढकलत दुव्यापर्यंत न्यायचा. दुसरीकडे बोट. आणि बोट चालायला पडदा बदलावा लागला. त्याआधीचे बहुतेक पडदे रेझिस्टिव्ह, म्हणजे दोन पापुद्रे, दाबले की एकमेकांना टेकतात आणि जागा कळते. काडीला, नखाला, हातमोज्यालाही चालतात, पण दाब लागतो. कपॅसिटिव्ह पडदा बोटातल्या विद्युतभारावर चालतो, नुसता स्पर्श पुरतो आणि दोन बोटं एकाच वेळी ओळखता येतात.

नोकियाने २००८ मध्ये ५८०० ला टच दिला तो रेझिस्टिव्ह, आणि खाली एस६० तीच, बटणांसाठी आखलेली. यादीत काही ठिकाणी एक टिचकी निवडायला आणि दुसरी उघडायला. कुठे एक, कुठे दोन, हे मात्र फोनच्या मर्जीवर.

अडगळवाला

मान्य. ‘सोपा’ हा शब्द मी आळशीपणाने वापरला. पण तुमचाच मुद्दा पुढे नेतो: आयफोनवाल्यांनी कॉपी-पेस्ट दोन वर्षं दिलं नाही, पण दिलं तेव्हा ते बोटाने नीट चालत होतं. नोकियावाले सगळं आधी द्यायचे आणि चालवायचं कसं हे आपल्यावर सोपवायचे.

संकलक

किंचित असहमत. वाट बघायला लावणं हा गुण नसतो. दोन वर्षं व्हिडिओ काढता न येणारा फोन वापरणाऱ्याला विचारा. शिवाय १० जुलै २००८ ला अ‍ॅप स्टोअर उघडलं नसतं तर आज आपण आयफोनची आठवण ‘छान खेळणं’ म्हणूनच काढली असती. सिस, कॅब, जार, पीआरसी असल्या प्रोग्रॅमच्या फाइली संकेतस्थळांवरून शोधून, केबल लावून, सह्यांशी भांडून टाकायचे दिवस एका बटणाने संपले. त्याची किंमत अशी की काय टाकायचं हे आता दुसरा कुणी ठरवतो.

हिरवायंत्रमानव

अँड्रॉइडचा पहिला फोन, २००८ चा एचटीसी ड्रीम उर्फ जी१. हेडफोनला साधं भोक नव्हतं. पडद्यावरचा कीबोर्ड नव्हता, तो एप्रिल २००९ च्या कपकेक या आवृत्तीत आला. तोवर एक शब्द लिहायलाही फोन सरकवून खालचा कीबोर्ड काढायचा. अ‍ॅप फक्त आतल्या मेमरीत, कार्डावर टाकायची अधिकृत सोय मे २०१० च्या फ्रोयो आवृत्तीत. ‘जागा संपत आली’ हा मेसेज त्या काळातल्या अँड्रॉइडची राष्ट्रीय प्रार्थना होती.

पण सर्वांत भारी किस्सा: सुरुवातीच्या एका फर्मवेअरमध्ये तुम्ही कुठेही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर मागे गुपचूप अँड्रॉइडच्या पोटातल्या लिनक्सच्या रूट कन्सोललाही, म्हणजे फोनला थेट हुकूम देता येतात तिथेही, जात होतं. म्हणजे मित्राशी गप्पा मारताना ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबलं की फोन खरोखर रीबूट व्हायचा! कुणीतरी गप्पांत तेच लिहिलं आणि शोध लागला. लगेच दुरुस्त केलं त्यांनी.

जमेची बाजू एका वाक्यात: खातं टाकलं की नंबर, मेल, कॅलेंडर हवेतून हजर, केबल नाही, संगणक नाही. आयफोनला हे स्वातंत्र्य २०११ च्या आयओएस ५ मध्ये मिळालं. आणि वरून खाली ओढायची सूचनांची पट्टी पहिल्या दिवसापासून.

अवांतर: टास्क किलर आठवतात? मेमरी ‘मोकळी’ करणारे. अँड्रॉइड गरजेप्रमाणे स्वतःच प्रोग्रॅम मारतो, त्यात टास्क किलरने मारलेले पुन्हा उठायचे, तो पुन्हा मारायचा, आणि या मारामारीत बॅटरी जायची.

पेनधारी

पामचा शेवट राहिला. २००९ चा प्री हा फोन आणि त्याची वेबओएस ही प्रणाली. चालू प्रोग्रॅम पत्त्यांसारखे शेजारी शेजारी, नको असलेला वर भिरकावला की बंद. आज तुम्ही सगळे रोज तेच करता. २०१० मध्ये एचपीने पाम घेतली आणि ऑगस्ट २०११ मध्ये वेबओएसची यंत्रं बंद केली. यापुढे मी लिहिणार नाही, त्रास होतो.

चाळता_चाळता

एक तोटा कुणीच लिहिला नाही. देवनागरी.

यातल्या बऱ्याच फोनांत मराठी पान उघडलं की चौकोन. अक्षरं असली तरी वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं फुटलेली, कारण नुसता फाँट पुरत नाही, अक्षरं जुळवणारं यंत्रणेतलं अंग लागतं. सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्येही ते धड नव्हतं. तेव्हा ओपेरा मिनी या ब्राउझरने तारलं. अ‍ॅड्रेसच्या जागी ‘ओपेरा:कॉन्फिग’ लिहायचं आणि क्लिष्ट लिपींसाठी बिटमॅप फाँट हा पर्याय चालू करायचा. मग सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. पान जड व्हायचं, पण वाचता यायचं. मी कितीतरी मराठी लेखन असं चित्रांमधून वाचलं आहे.

लिहिणं तर दूरच. शिवाय रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची आणि युनिकोडमध्ये ७०. म्हणजे फोनला देवनागरी येत असली तरी मेसेज निम्म्याहून लहान.

खिडकीबाहेर

हे खरं. आम्ही सगळे रोमनमध्ये मराठी लिहायला शिकलो ते या ७० मुळेच.

संकलक

@अडगळवाला, मेसेजबद्दल: आधी जुनी बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा. फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, त्याच मापाची दुसरी घ्या. फोन चालू झाला तर सोपा मार्ग म्हणजे नोकियाच्या पीसी सूट या संगणकावरच्या प्रोग्रॅमने बॅकअप. त्याची एनबीयू फाइल उघडणारे छोटे प्रोग्रॅम लोकांनी बनवून ठेवले आहेत. केबल नसेल तर मेसेज कार्डावर काढणारा एखादा सिस प्रोग्रॅम टाका. नंबर तर सगळे निवडून ब्लूटूथने पाठवता येतील.

अडगळवाला

अपडेट. बॅटरी फुगलेलीच होती, दुसरी मिळवली. फोन चालू झाला! ती धून ऐकून शेजारच्या खोलीतून ‘कुणाचा फोन?’ अशी हाक आली.

केबल सापडली नाही म्हणून सिस प्रोग्रॅम शोधला आणि ब्लूटूथने फोनवर पाठवला. टाकायला गेलो तर प्रमाणपत्राची कटकट. सवयीने तारीख मागे घ्यायला गेलो आणि बघतो तर फोनच्या मते आज १ जानेवारी २००७. इतकी वर्षं बॅटरीविना पडल्यामुळे घड्याळ मूळपदावर गेलेलं. प्रोग्रॅमचं प्रमाणपत्र २००९ चं, म्हणजे फोनच्या हिशेबाने ते अजून लागूच झालं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तारीख पुढे न्यावी लागली, २०१० पर्यंत. मग मुकाट्याने घेतला.

४१२ मेसेज निघाले. सगळे रोमनमध्ये. निम्म्याहून जास्त नुसते ‘पोचलो’ आणि ‘फोन कर’.